पडद्याआडून आलेलं पान

— नाही नाही, पाद्रीबाबा, त्या तिपाईवर नको, ती मांजराची आहे. हसू नका, मागं बिशपसाहेबांचे कारभारी आले होते ना, तेही उभेच राहिले. इथं बसा, चुलीजवळ. तुमच्या बुटांवरूनच कळतंय, बिशपसाहेबांच्या एलीहून नावेतून आलात नि शेवटचा मैलभर चिखल तुडवलात. तर मी काय सांगत होते — माईला भेटता येणार नाही. अहो, आहे की, त्या पडद्यापलीकडं, हातभर अंतरावर, आपला शब्द न् शब्द ऐकतेय. पण दुपारची घंटा होईपर्यंत तिचं मौन, आणि घंटेनंतरही ती पुरुषाशी बोलायची नाही. चर्चच्या भिंतीला लागून तिची खोली बांधली, तिला आत घातलं, दार चिणलं, त्या दिवशीच शपथ घेतलीय तशी. वीस वर्षं झाली. तेव्हा अठराची होती. आत जाताना सोबत काय नेलं, तर प्रार्थनेचं पुस्तक आणि मांजर — नियमात तेवढंच एक जनावर चालतं, ते का चालतं विचारा तुमच्या शहाण्यांना. ही तिसरी मांजर. प्रार्थनेच्या वेळी पुढचे दोन पंजे जोडते. खरंच. म्हणजे जोडते नि मग चाटते, पण जोडते.

मग तुमच्या प्रश्नांचं काय, म्हणता? सोपं आहे. मला सांगायचे, मी खिडकीशी जाऊन पडद्यात तोंड घालून विचारणार, उत्तर आणून तुम्हाला देणार. अकरा वर्षं हेच करतेय मी, आमिस माझं नाव. ते पुस्तक तुमच्या मांडीवर आहे ना, माईची दर्शनं, तिच्या आयुष्याची कहाणी, ते सगळं असंच झालं. माई आत बोलायची, मी ऐकायची, अंगण ओलांडून जायची, तिकडं चर्चच्या पडवीत आमचे ओस्बर्टबाबा लेखणी घेऊन बसलेले, त्यांना सांगायची. मग ते विचारायचे, पुढं? की मी परत खिडकीशी. दिवसातून तीस खेपा. तुमचं ते पुस्तक अर्धं शाईनं झालंय, अर्धं माझ्या गुडघ्यांनी. आता ओस्बर्टबाबांना विचारावं तर ते ईस्टरआधीच्या उपासात गेले बिचारे, मांस बंद म्हणून चाळीस दिवस मासे खाऊन खाऊन — बरं, दम्यानं गेले. तुमच्याशी खरं बोलायचं ठरवलंय मी.

कुठलं पान? वाचून दाखवा, मला अक्षर येत नाही. ... हं. ... हं, तेच. मला वाटलंच होतं, त्याच पानात चाकू घालून ठेवलाय तुम्ही खुणेला. खुणेलाच ना? कापायला? असं. म्हणजे बिशपसाहेबांनी सांगितलंय की हे एवढं पान काढलं तर पुस्तकावर शिक्का मिळेल, मठांतून नकला जातील, आणि नाही काढलं तर सगळंच चुलीत. बिअर घ्या. घ्या हो, घरची आहे, थोडी आंबलीय, पण पाद्री लोकांना चालते.

काय वाईट आहे त्या पानात? "देवानं मला असं धरलं, जशी आई पाण्यातून काढलेलं लेकरू कपड्यांच्या आत पोटाशी धरते, आणि ते गार पडलंय हे कळूनही सोडत नाही." बरं. मग? देव मेलेल्याला कशाला कवटाळून बसेल, देव तर जिवंत करतो — हा तुमचा मुद्दा. आता मी अडाणी बाई, वाम मासे धरणाऱ्याची बायको, एकदा इतकी लांब वाम काढली होती आम्ही की डोकं नावेत नि शेपूट शेजारच्या गावात, ती गोष्ट नंतर सांगते. पण मला सांगा, माईला आत घातलं त्या दिवशी तुमच्याच लोकांनी तिच्यावर मयताच्या प्रार्थना म्हटल्या की नाही? जिवंत पोरगी जमिनीवर आडवी पाडली, अंगावर माती टाकली, आत तिची कबरसुद्धा खणून ठेवलीय, रोज झाडते ती. म्हणजे तुमच्या हिशेबानं माई वीस वर्षांपूर्वीच मेली. मग मेलेलीला देवानं धरलं, यात माईचं काय चुकलं? बघा, पेला रिकामा केलात. आणखी घ्या बिअर.

दुसरा प्रश्न? अविवाहित बाई, अठराव्या वर्षी भिंतीआड गेली, तिला हे कसं ठाऊक, म्हणता — लेकरू गार पडतं ते आधी पायांच्या बोटांकडून, आणि कानामागं सगळ्यात शेवटी. हे पण लिहिलंय का ओस्बर्टबाबांनी? एवढं सगळं लिहिलं त्यांनी? ... दर्शनात दिसलं असेल. देवाला काय अवघड आहे. ... नाही, माझ्या तोंडाकडं बघू नका असं. पाऊस होता, ते पान सांगितलं त्या दिवशी. माई म्हणाली, त्यानं मला धरलं. एवढंच. मी जाऊन सांगितलं. ओस्बर्टबाबा म्हणाले, कसं धरलं, आमिस? आता परत अंगण ओलांडायचं, गुडघा सुजलेला — मी तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं, कसं ते. मला जे ठाऊक होतं ते. फेब्रुवारी होता, वरती पातळ बर्फ, माझी चार वर्षांची लेक वामांच्या सापळ्यापाशी पाण्यात गेली. काढली मी. दुपार होती. संध्याकाळपर्यंत सोडली नाही. नवरा आधीच तापानं गेलेला, मग त्याच वर्षी मी इथं कामाला आले. झालं. यात सांगण्यासारखं काय आहे.

आणि ओस्बर्टबाबांनी ते पान माईच्या चर्चकडच्या दुसऱ्या खिडकीशी बसून मोठ्यानं वाचलं, माईनं ऐकावं म्हणून. मी इथं कांदे चिरत होते, म्हटलं आता निघतेय माझी नोकरी. माई काही बोलली नाही. तीन दिवस नाही बोलली. चौथ्या दिवशी पडद्यातून म्हणाली, आमिस, पुढचं घे. बस.

म्हणून म्हणते, कापायचं तर कापा, खोटं त्यात माझं आहे, माईचं नाही. फक्त — ते कापलंत तर माझ्या पोरीचं जगात दुसरं काही नाही कुठं. कबरीवर दगडसुद्धा नाही. आम्हा दलदलीतल्या लोकांना दगड कुठून असणार.

ही झाली घंटा. थांबा, विचारून येते. तो चाकू तोवर बाजूला ठेवा, मांजर लोळते तिथं.

... आले. काय म्हणाली? म्हणाली की पाद्रीबाबांना सांग, बिअर पुरे. ... बरं, तसं नाही म्हणाली. अकरा वर्षं तिकडचं इकडं आणताना मी चिमूटभर मीठ घालत आले, हे आळणीच घ्या. म्हणाली, वाक्य माझं आहे, शपथेवर माझं आहे, तसंच राहू दे. आणि मग मला म्हणाली — तुम्हाला नाही, मला — नाव काय होतं गं तिचं?

अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

तुमची लेखणी तासा. चाकू आहेच बाजूला. पानाच्या कडेला जागा आहे ना? लिहा, पर्नेल. हो, तेवढंच.

आता निघा तुम्ही. एलीची नाव सुटेल.