टीव्हीवर रडणारे काका

—नाही नाही, डोळ्यांखाली इतका जाड नको! कपाळावर हवा तेवढा थापा, पण डोळ्यांखाली पातळ. पाणी आलं की रंगातनं ओघळ उतरला पाहिजे, लांबून दिसला पाहिजे. मागच्या मॅचला एकाने असा काही लेप दिला — रडून रडून डोळे सुजले, पण टीव्हीवर मी आपला ठणठणीत! कंपनी काय भडकली होती... ओळखलंत ना? हां, तोच. टिश्यूच्या खोक्यावरचा. 'रडणारे काका'. अहो फोटो मागाहून काढू, आधी झेंडा पुरा करा. परदेशात स्टेडियमच्या दारात आपल्या भाषेत बोलणारा रंगवाला भेटला, म्हणून तर तुमच्याकडे बसलो.

कंपनी म्हणजे टिश्यूचीच. विमान त्यांचं, हॉटेल त्यांचं, तिकीट त्यांचं — आपण फक्त हरल्यावर रडायचं. आणि आपली फुटबॉल टीम त्या बाबतीत शब्दाला अगदी पक्की! काय म्हणालात? आज जिंकू? अहो, तोंड सांभाळा! मला परत लिफ्टच्या खड्ड्यात उतरवताय काय? लिफ्टदुरुस्ती करायचो मी — दिवसभर ग्रीसमध्ये हात, आणि वरून साहेब लोकांची कटकट, झालं का, झालं का. आता तेच साहेब सेल्फी काढतात माझ्यासोबत. देशभक्त म्हणतात. मीही म्हणवून घेतो — आपलं काय जातंय?

खरं सांगू? नको, जाऊ दे... बरं, तुम्ही तरी कोणाला सांगायला जाताय! पहिल्यांदा रडलो ना, ज्याचा फोटो खोक्यावर छापलाय — ते मॅचसाठी नव्हतंच हो. बायकोला सांगून निघालो होतो, बाहेरगावी लिफ्ट बसवायचं काम आहे. आणि गेलो कुठे, तर विमानात बसून परदेशात, मॅचला, तोंडाला रंग फासून नाचायला! कॅमेरा फिरला, तिने घरी बसून पाहिलं. रंगातनंही ओळखलं — बायको ती. मेसेज आला, 'लिफ्ट छान बसवताय. माझे बाबा जाऊन महिना नाही झाला, तुमच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मी दादाकडे चाललेय, न्यायला येऊ नका.' वाचलं आणि जो बांध फुटला म्हणता! नेमका तेव्हाच आपल्या गोलकीपरच्या तंगड्यांतून चौथा गोल गेला, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा परत माझ्यावर. झालं! सगळ्या देशाला वाटलं, काय हा माणूस, टीमसाठी धाय मोकलून रडतोय. देशाचं सोडा हो, तिलाही तेच वाटलं. तिच्या बापासाठी नाही, बायकोसाठी नाही, अकरा टोणग्यांसाठी रडला म्हणते!

मग सांगितलं का नाही? कसं सांगणार! कंपनीशी करारच आहे तसा — अश्रू देशासाठी होते, असंच बोलायचं, घरीदारी सगळीकडे. वाटलं, आज सांगू, उद्या सांगू, एवढी एक मॅच होऊ दे. आणि काल तिचा फोन! इतक्या दिवसांनी आवाज ऐकला, हातातला कप ठेवायचं सुचेना. म्हणाली, 'एकदाच विचारते. त्या दिवशी कोणासाठी रडत होतात? मॅच सुरू व्हायच्या आत सांगा. नाहीतर दादाने वकील बघून ठेवलाय.' मला ती हवीय हो. तिच्याशिवाय घर खायला उठतं. कंपनीकडून फुकट खोके येतात, हॉलमध्ये रचून ठेवलेत, आणि प्रत्येकावर मीच गळा काढून बसलोय. जेवण जात नाही तिथे.

थांबा जरा. ब्रश खाली ठेवा. खड्ड्यात गेली ती कंपनी — आत्ताच लावतो फोन, तुमच्यासमोर. परत लिफ्टखाली झोपेन, त्यात काय एवढं... वाजतोय... हॅलो? हां, मीच. ऐक ना, ते — त्या दिवशीचं — तू विचारलंस ना, कोणासाठी... मी ना, खरं म्हणजे... एक मिनिट हं, ठेवू नकोस. — या या साहेब, नमस्कार! झालंच, तयारच होतोय. हो हो, पुढच्या रांगेतच बसतो. हा? हा घरचा फोन. मिसेस आहे. शुभेच्छा देतेय. स्पीकरवर टाकू? टाकतो की, त्यात काय... — हं, ऐकतेयस ना? आपले कंपनीचे साहेब आहेत इथे. अगं, कोणासाठी म्हणजे काय? देशासाठी! दुसऱ्या कोणासाठी रडणार मी?

...ठेवला तिने.

नाही साहेब, रेंज गेली असेल. तुम्ही व्हा पुढे, आलोच.

लावा हो. बघत काय बसलात? नाकावरचा पट्टा राहिलाय.