चिनी साइटवरची भरली वांगी

मनातलं जगासमोर मांडायची ओढ माणसाला देशाच्या सीमा ओलांडायला लावते. हैदराबादेत काचीगुड्यातल्या दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या शिवराजला हे पटलं, कारण शेजारच्या त्रिवेणीबाई सुशीलाबाईंना मोबाईलवर एक चिनी सोशल साइट दाखवत होत्या.

"चिनी कायकू गं?"

"पुण्याची नणंद, सुलभा! कुठंही भरल्या वांग्यांचा फोटो टाका, खाली लिहिणारच, 'वहिनी, गूळ कुठाय?' आमच्यात चिंच घालतात, गूळ नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. एकदा तरी कुणी नुसतं 'छान' म्हणावं ना!"

"पण ही साइट सापडली कशी तुला?"

"नव्या नव्या चिनी साइट्सची यादीच असते नेटवर. त्यातली सगळ्यात नवी धरली. तिथं कशाला मरायला येते सुलभा?"

"मग, म्हटलं का कुणी छान?"

"हौ! एका बाईनं चिनीत लिहिलंय. थांबा, मोबाईल मराठी करून देतो. हां... 'थोरल्या भावाची बायको, गूळ कुठे आहे?'"

शिवराजचा नंबर पुकारला. तो उठला नाही.

"चिनी लोकही गूळ घालत असतील," सुशीलाबाई म्हणाल्या. "ती यादी कुणी दिली तुला?"

"आमच्या फॅमिली ग्रुपवरच आली होती."

सुशीलाबाईंनी यादी उघडली. तिच्यात प्रत्येक साइटपुढे सभासदांची संख्या दिलेली होती.

या साइटचे सभासद दोन होते.