तांबडीचा जंतू कोणाकडचा?

...आणि वर मलाच विचारते, 'कळलं ना काका?' आता काय कळणार, कपाळ? जंतू तोच, पण तो तो नव्हे, हे शहाण्या माणसाला कळावं तरी कसं, तुम्हीच सांगा! थांबा, पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुमचंही डोकं फिरेल, मला तेवढीच सोबत.

तुम्हाला सांगतो, आमच्या गोठ्यात दगडी शिरली. दगडी म्हणजे गाईची कास सुजून दगडासारखी होते, दुधात गुठळ्या येतात, आणि हात लावायला जावं तर गाय अशी लाथ झाडते की... जाऊ द्या, गुडघा अजून ठणकतोय. आधी काळीला झाली. काळी माझ्या भावाकडून आलेली. औषध दिलं, खडखडीत बरी. मग तांबडीला झाली. ती सासऱ्यांकडून आलेली. तेच औषध, तीच सुई, तोच डॉक्टर, पण तांबडी काही बरी होईना. मी आपला सरळ माणूस, सरळ बोललो, "हा रोग तुझ्या वडिलांच्या गोठ्यातला. तांबडीला परत पाठवायची. नाहीतर सगळा गोठा बसेल."

बायको भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "रोग आधी काळीला झाला. काळी कोणाकडची?"

झालं! गाय राहिली बाजूला, दोन्ही घरांची उणीदुणी निघाली, लग्नात कोण रुसलं होतं तिथपर्यंत जाऊन आलो, आणि तांबडी बिचारी सुजलेली कास घेऊन आमच्या तोंडाकडे बघतेय. बायको तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ही गेली तर मीही जाते." आता काय करता?

मग आली प्रयोगशाळेतली डॉक्टरीणबाई. वयाने माझ्या मुलीएवढी. बाटल्यांतून दूध नेलं, परत आली आणि म्हणाली, "दोघींत जंतू एकच आहे, काका." म्हटलं, मग हिचा तिला लागला? तर म्हणे, "नाही ना. जंतू तोच, पण तो तो नव्हे. आडनाव एक असलं तरी घराणी वेगळी असतात ना, तसं. म्हणून एकाला औषध लागू पडलं, दुसऱ्याला नाही." म्हटलं, बाई, डोळ्याला न दिसणारा जीव, त्याला घराणं? तर म्हणे, "जनुकं वाचली की सगळी कुळी कळते." अहो, आम्हाला आमची कुळी आजोबांच्या पलीकडे ठाऊक नाही, आणि हा जंतू बघा!

बरं, सासऱ्यांचा गोठा तपासला. तांबडीचा जंतू तिथे नाही. बायकोने नुसती भुवई उचलली. भावाचा गोठा तपासला. तिथे काळीचा सापडला, तांबडीचा नाहीच. जंतू तोच, पण तो तो नव्हे! मग आला कुठून, आकाशातून पडला?

"धार कोण काढतं, काका?"

म्हटलं, मीच. दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही. आणि स्वच्छता म्हणाल तर या खांद्यावरच्या फडक्याने प्रत्येकीची कास पुसल्याशिवाय मी बसतच नाही... एवढं बोलतोय तोच मला शिंक आली आणि मी नाक पुसलं. कशाने काय विचारता? खांद्यावर दुसरं होतं काय?

डॉक्टरीणबाई फडक्याकडे बघतेय, बायको फडक्याकडे बघतेय. मग बाईंनी काडीला कापूस गुंडाळला आणि घातला माझ्या नाकात. माझ्या! आणि निकाल काय, तर म्हणे, "तांबडीतला वंश गाईंचा नाहीच, काका. माणसांतला आहे. तुमच्या नाकातला."

म्हटलं, अहो, मला तर काहीच झालेलं नाही! तर म्हणे, "तो तुमच्यापाशी सुखाने नांदतो. दुसऱ्याकडे गेला की छळतो."

बायको म्हणाली, "असतात असे काही."

तर आता तांबडीला तिच्या जंतूचं औषध मिळालं, कास मऊ पडतेय, धार बायको काढते. मनातून बरं वाटलं हो, गाय गुणी आहे. पण घरातून कोणाला तरी पाठवायचं हे मीच ठरवलं होतं ना, मग बायकोने माझा शब्द खाली पडू दिला नाही. भावाकडे गेलो, तर त्याने गोठ्याच्या दारातच हात जोडले. आता तो जंतू जाईपर्यंत नाकात मलम लावून हिंडतोय.

बरं, तुमच्याकडे गुरं नाहीत ना?... मग थोडे दिवस राहू का?