दुपारी दोनची सुनावणी

न्यायाधीशांची चौकशी करणाऱ्यांनो, आमचा न्यायाधीश हॅस्केल दारू पिऊन कोर्टात बसतो, अशा पाच तक्रारी तुमच्याकडे आल्या. तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला, तरी तुम्ही त्या दाबून ठेवल्यात. अमेरिकेत आमच्या केंटकी राज्यात न्यायाधीशही मतदानानं निवडतात, आणि आमच्या गावात मतदान अग्निशमन केंद्रात होतं. रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या, बर्नडीन आणि वर्ना.

"बर्नडीन, त्या बेवड्याच्या प्रचाराची पाटी तुझ्या अंगणात?"

"त्याचा माणूस विचारायला आला. गुरुवारी नातवाचा ताबा कुणाला, हे हॅस्केलच ठरवणार. नाही कशी म्हणू?"

"सुनावणी कितीला?"

"दुपारी दोनला."

"म्हणजे त्याच्या जेवणानंतर! अगं, सकाळची मागायचीस."

"मागितली. सकाळच्या वेळा वकील असलेल्यांनी घेतल्या."

"पोराचा बाप येणार?"

"येणार ना, नवा कोट घालून. गेल्या खेपेला मी पोराच्या मोडलेल्या हाताचा फोटो दाखवत होते आणि हॅस्केल डुलक्या घेत होता."

"मग आज पाड त्याला."

"त्यासाठीच तर काठी टेकत आलेय."

टेबलामागच्या बाईंनी तिला मतपत्रिका दिली. बर्नडीननं ती वाचली, उलटून पाहिली.

"ओ बाई, न्यायाधीशासाठी एकच नाव आहे."

"त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. रिकामं सोडलंत तरी चालेल."

"रिकामं सोडलं तर निवडून कोण येईल?"

"तेच."

"मग हा माणूस नको, असं म्हणायला खूण कुठे करायची? मला तेवढं सांगा."