दादाचा पाय

नाही, मला एक सांगा, माणसाच्या नसेत शिरून आतून बघायचं यंत्र जर होतं, तर आठ महिने माझ्या दादाचा पाय सगळे बाहेरून का बघत बसले? बोला! मी विचारलं की. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरला विचारलं, हाडांच्या डॉक्टरला विचारलं, शेवटी इस्पितळाच्या लिफ्टवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘कितवा मजला?’ तुम्हाला सांगतो, कुणी तोंड उघडलं असेल तर तेवढंच.

आम्ही दोघं भाऊ नळवाले. तुंबलेले पाइप मोकळे करायचे, हा धंदा. दादा कारागीर, मी त्याच्या हाताखाली. सातवीत मी शाळेला कंटाळलो की शाळा मला, ते जाऊ द्या. दादा मला गडबड्या म्हणायचा. तर हा दादा चालायला लागला की रस्त्यावरच्या विजेच्या दोन खांबांनंतर त्याची पोटरी आवळायची, की थांबला! पण ‘दुखतंय’ म्हणेल तर शपथ. भिंतीकडे मान वर करून बघायचा. ‘गडबड्या, बघ काय भिकार फिटिंग केलंय ह्यांनी.’ आणि मी बघायचो! आठ महिन्यांत अख्ख्या रस्त्याचं फिटिंग मला पाठ झालं, आणि शेजारी उभ्या माणसाला काय होतंय ते... बाहेरून काय कळतं, सांगा!

गल्लीतला डॉक्टर म्हणाला, ‘वात आहे, तेल चोळा.’ चोळलं. हाडांचा म्हणाला, ‘मणका आहे, वजन उचलू नका, वाकू नका.’ नळवाल्याला सांगतोय वाकू नका! मग काय, उभ्यानं मोरी साफ करू? पण पावलावर दोन बोटं टेकवून नाडी लागते का, एवढं कुणी बघितलं नाही. अहो, मोजासुद्धा काढायला सांगितला नाही!

मग एका सकाळी पाऊल गारठलं. लोखंडी पाइपसारखं गार. वहिनी कामाला गेलेली. आता स्वयंपाकघराच्या पाइपात चरबी गोठली की आम्ही काय करतो? कढत पाणी ओततो. चरबी सुटते, पाणी धावतं. आयुष्यभर तेच केलंय! म्हटलं, दादाचीही चरबीच अडकली असणार. भरली बादली, बुडवला पाय.

‘चटका बसतो का रे दादा?’

‘नाही. काहीच वाटत नाही.’

‘अजून ओतू?’

‘ओत की.’

ओतलं... दोघांत एकाला तरी अक्कल हवी होती ना? त्याच्या पायाला कळेना, माझ्या डोक्याला कळेना. संध्याकाळी वहिनीनं टॉवेल बाजूला केला तर पाऊलभर फोड. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, ‘भाऊजी, ह्या पायाला आता तुम्ही हात लावायचा नाही.’

मग मोठं इस्पितळ. तिथल्या डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्या, पण पावलावर दोन बोटं पहिल्यांदा त्यांनीच टेकवली. म्हणाल्या, ‘रक्ताची नळी तुंबलीय, पाय वाचवायचाय, वेळ नाही.’ नसेत औषध सोडून नळीचा फोटो काढला. पण म्हणाल्या, ही नुसती सावली, खरं माप आतून घेते. जांघेतून बारीक तार घातली, टोकाला आवाजाच्या लाटा सोडणारं इवलंसं यंत्र. पडद्यावर नळी दिसते, आडवा कापलेला पाइप दिसावा तशी गोल. भिंत किती जाड, आत क्षार किती, सगळं उघडं! दादा जागाच होता. मला नंतर वॉर्डात ऐट करत सांगतो, ‘मी विचारलं, बाई, किती एमएम? त्या म्हणाल्या, फोटोत पाच वाटत होती, आतून सहा भरली. म्हटलं, मी धाकट्याला हेच शिकवतो, माप आतून घ्यावं. बाहेरून काय कळतं!’

नळी उघडी राहावी म्हणून आत सहाच्या मापाची जाळी बसवली. पाऊल गुलाबी झालं, गरम झालं. दादा दिवसभर अंगठा हलवून ज्याला त्याला दाखवत होता. वॉर्डबॉयलासुद्धा!

आणि तो भाजलेला भाग चिघळला. ताप चढला, विष रक्तात गेलं, चौथ्या दिवशी सगळं संपलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, ‘नळी शेवटपर्यंत उघडी होती हो.’ म्हणजे बघा, लाइन चालू, घर गेलं! मी विचारलं, ‘बाई, पाणी मी ओतलं होतं. मी ओतलं नसतं तर?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही आधी बसा. पाणी प्या.’ प्यायलो. लोक म्हणतात, धाकटा घट्ट दिसतो हो, रडला नाही. बाहेरून काय कळतं...

सिस्टर म्हणाली, न्यायला गाडी येतेय, पाच मिनिटं आहेत. चादरीतून पावलं बाहेर आली होती. नखं ही एवढी वाढलेली, जाड, पिवळी. माझ्या खिशात नेलकटर होतं. मी वहिनीकडे बघितलं. ती पायथ्याशी जागा करून बाजूला सरकली. मग बसलो पायाशी आणि एकेक नख कापलं, सावकाश, कुठे लागू न देता. तेवढ्यात गाडीवाला दारात आला. मी उठलो.

वहिनी म्हणाली, ‘भाऊजी, करंगळीचं राहिलं.’

परत खाली बसलो. तेही कापलं.