अकरावं पान

उन्मेष : पुन्हा. पहिल्यापासून.

अरुणा : अरे, पण काय चुकलं ते तरी सांगशील?

उन्मेष : स्क्रीनवर लिहिलंय. वाच.

अरुणा : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.

उन्मेष : म्हणजे?

अरुणा : म्हणजे अशी फाइल नाही. पण आहे ना! बाराखडीचा फोल्डर तूच तिथे ठेवलास. तूच म्हणालास, आई, तुझा टायपिंगचा प्रोग्राम जसाच्या तसा वाचवलाय.

उन्मेष : वाचवलाय. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. तू चुकीचं टाइप केलंस.

अरुणा : साडेतीन वाजलेत रे. चार वाजता करोल बागेत छपाईचं मशीन लागणार. माझ्या मराठीच्या पुस्तकातलं एक पान बदलायचंय मला, फक्त एक. अकरावं. ते पोचलं नाही तर मागच्या आठवड्यात दिलंय तेच छापतील.

उन्मेष : मग बोलण्यात वेळ घालवू नकोस.

तनया : बाबा, मी सांगू आजीला?

उन्मेष : नाही. वर्गात कुणी कुणाला सांगायचं नाही. शाळेला सुट्टी आहे ना तुझ्या? मग गप बसून बघ.

अरुणा : मी कागदावर लिहून घेते. तू एकदा सावकाश सांग.

उन्मेष : पेन ठेव खाली. वहीत गेलं की डोक्यातून गेलं. कोण म्हणायचं असं?

अरुणा : मीच. हे ठेवलं पेन.

उन्मेष : तनया, तुला माहितीय का, आजी मला दुसरीला शिकवायला होती. पहाडगंजच्या मराठी शाळेत. घरी आई आणि शाळेत बाई.

तनया : मतलब, शाळेत पण आई म्हणायचास?

उन्मेष : एकदाच म्हणालो. चलो आई, हात कीबोर्डवर. सी डी, स्पेस, डॉट वाईन, स्लॅश, ड्राइव्ह, अंडरस्कोअर, सी, स्लॅश, बाराखडी.

अरुणा : हे वाईन म्हणजे...

उन्मेष : तोंड वाकडं करू नकोस, प्रोग्रामचं नाव आहे. तुझी बाराखडी विंडोजची. कॉम्प्युटरवर आता विंडोज नाही, लिनक्स आहे. तर लिनक्सवर राहून विंडोजचे प्रोग्राम चालवायचे, ते काम हा वाईन करतो. तिसऱ्यांदा सांगतोय.

अरुणा : विंडोज होतं तेव्हा मी नुसतं चित्रावर दोनदा टिचकी मारायची. उघडायचं.

उन्मेष : चोरीची सीडी होती ती. रस्त्यावरची, पन्नास रुपयांची. दोनशे व्हायरस निघाले त्यात. रविवारी चार तास बसून साफ केलं मी. आता जे आहे ते फुकट आहे आणि चोरीचंही नाही. तुझ्यासारख्या बाईंनी तर टाळ्या वाजवायला हव्यात.

अरुणा : पुसण्याआधी विचारलं असतंस तर...

उन्मेष : अंडरस्कोअर कुठाय?

अरुणा : ही काय, खालची रेघ.

उन्मेष : ती वजाबाकीची आहे. खालची वेगळी. शिफ्ट दाबून. सासष्ट वर्षांची झालीस, शिफ्ट दाबता येत नाही?

अरुणा : सदुसष्ट.

उन्मेष : हां, सदुसष्ट. टाइप कर.

अरुणा : बी, ए, आर, ए... के, एच, ए... डी, आय. एंटर मारू?

उन्मेष : मला काय विचारतेस? तुझं उत्तर, तू जबाबदार.

अरुणा : नो सच फाइल... परत तेच. अक्षरन् अक्षर बरोबर आहे, उन्मेष. मी तपासलं.

तनया : आजी, पहिला बी मोठा...

उन्मेष : तनया! कोपऱ्यात उभी राहशील हं.

अरुणा : मोठा? अच्छा, बी मोठा काढायचा? लहान बी आणि मोठा बी इथे वेगळे?

उन्मेष : लिनक्समध्ये वेगळे. विंडोजला चालतं काहीही.

अरुणा : हे तू मला का नाही सांगितलंस? अर्धा तास मी तोच बी मारतेय!

उन्मेष : मी विचार केला, स्वतःहून सुचतंय का बघू. सगळंच बाईंनी सांगितलं तर मूल शिकणार कधी?

अरुणा : मुलांना मी असं कधीच शिकवलं नाही. एकेका मुलाला चाळीस वेळा सांगितलंय. विचार कुणालाही. अजून पत्रं येतात मला.

उन्मेष : बिल्कुल. दुसऱ्यांच्या मुलांना. धैर्यशील आठवतो? कॅन्टोन्मेंटमधून यायचा, वडील सुभेदार. त्याला पाढा येईना तर तू त्याच्याजवळ खाली बसायचीस. जमिनीवर, साडीसकट. मी तिथेच होतो, आई. शेजारच्या बाकावर.

अरुणा : त्याची आई गावाला होती. पोरकं होतं ते पोर इथे.

उन्मेष : आणि माझी आई?

अरुणा : ...मी पुन्हा टाइप करते. सी डी, स्पेस, डॉट...

(फोन वाजतो.)

अरुणा : हां भैया... हां, मैं ही बोल रही हूँ. अरुणा मैडम. बस, भेज रही हूँ, पेज नंबर ग्यारह. बेटा यहीं बैठा है, वही मेल करेगा. नहीं नहीं, बाकी सब ठीक है... एक ही शब्द है, लेकिन बदलना बहुत ज़रूरी है, भैया. दस मिनट. थोड़ा रुक जाइए ना. हां. हां जी.

उन्मेष : काय म्हणाला?

अरुणा : कारागीर मोकळे बसलेत म्हणतो. पलीकडे लाइट जाईल साडेचारला, त्याआधी मशीन चालवायचंय त्याला. उन्मेष, तू उघडून दे. हात जोडते. पुढच्या वेळी मी शिकेन सगळं.

उन्मेष : एका शब्दासाठी एवढं? शुद्धलेखन चुकलंय का? अरुणाबाईंचं शुद्धलेखन?

अरुणा : नाही.

उन्मेष : मग काय शब्द आहे?

अरुणा : आहे एक. नको तो राहिलाय. जुन्या हस्तलिखितावरून उतरवताना लक्षात आलं नाही. तीस वर्षं हात तेच लिहीत होता.

उन्मेष : राहू दे की मग. तीस वर्षं चाललं ना?

अरुणा : नाही राहू द्यायचं.

उन्मेष : मग बी मोठा काढ. हां. आता एंटर. बघ, गेलीस आत. आता लिही, वाईन, स्पेस, बाराखडी, डॉट, ई एक्स ई. इथला बी लहान.

अरुणा : इथला लहान?

उन्मेष : लहान. का ते विचारू नकोस. पाठ कर.

अरुणा : डब्ल्यू, आय, एन... स्पेस... थांब, ई सुटला वाटतं.

उन्मेष : कमांड नॉट फाउंड. शाब्बास! वाईनमधला ई खाल्ला. तनया, हस.

तनया : हं?

उन्मेष : हस ना. आजीला चार अक्षरं लिहिता आली नाहीत.

तनया : मला नाही हसायला येत.

उन्मेष : येतं. 'हसा रे, त्याशिवाय याला लाज नाही वाटायची.' हे कुणाचं वाक्य, आई? चाळीस पोरं होती वर्गात. हस, तनया. बाबा सांगतोय ना?

तनया : ही... ही ही.

अरुणा : उन्मेष, पुरे कर.

उन्मेष : मंगळवारी माझ्या ऑफिसचे लोक जेवायला आले होते. सहा जण. तू पोळ्या वाढता वाढता म्हणालीस, 'उन्मेषजी को तो मैंने खुद फेल किया था, दूसरी क्लास में.' तेव्हा कुणी पुरे म्हणालं नाही. माझ्या हाताखालची पोरं आहेत ती, आई. बुधवारपासून सगळा फ्लोअर मला 'दूसरी फेल' म्हणतोय.

अरुणा : मी गमतीत म्हणाले रे. कौतुकानं. दुसरीत नापास झालेला मुलगा आज एवढ्या मोठ्या कंपनीत, इंदिरापुरमला तीन खोल्यांचा फ्लॅट...

उन्मेष : पंचेचाळीस मार्क होते मला. पस्तिसाला पास. मी मोठेपणी पाहिलं ते प्रगतिपुस्तक.

अरुणा : ...लोक म्हणाले असते, बाईंनी आपल्या मुलाला वर ढकललं.

उन्मेष : म्हणून खाली ढकललं.

अरुणा : दुसऱ्याच्या मुलाला बोललं तर आईबाप भांडायला येतात. आपल्या मुलाला बोललं तर कोण येणार? सगळ्यांना धाक बसतो. मला तेव्हा वाटायचं, हेच न्यायाचं.

उन्मेष : अच्छा. लिही आता. वाईन. ई विसरू नकोस.

तनया : बाबा, चीटिंग आहे ही.

उन्मेष : काय चीटिंग?

तनया : तू रविवारी आजीसाठी आयकॉन केलं होतंस ना? पाटीचं चित्र लावून? मला दाखवलंस. म्हणालास, आजीनं दोनदा क्लिक केलं की बाराखडी उघडणार, आधीसारखी. सरप्राइज आहे, सांगू नकोस.

अरुणा : पाटीचं चित्र?

तनया : मग बुधवारी सकाळी ते नव्हतं. मी शोधलं. बाबानं 'गाणी' फोल्डरमध्ये टाकलंय. थांब आजी, सरक. हे बघ. क्लिक, क्लिक.

अरुणा : ...उघडलं.

तनया : सगळी अक्षरं पण बरोबर दिसतायत. बाबानं तुझे फाँट टाकलेत आत. खूप वेळ लागला होता त्याला, चहा पण थंड झाला.

अरुणा : होतं तर. रविवारपासून होतं.

उन्मेष : मंगळवारपर्यंत होतं.

अरुणा : चारला पाच कमी आहेत. तनया, अकरावं पान काढ. लवकर, बाळा.

(फोन वाजतो.)

अरुणा : हां भैया, हो गया, खुल गया, बस दो मिनट... चढ़ा दी? प्लेट चढ़ा दी? भैया, मैंने कहा था ना... नहीं, उतारिए उसको. सुनिए तो. पूरी एक हज़ार? भैया... हैलो?

उन्मेष : काय झालं?

अरुणा : मशीन सुरू झालं. ऐकू येत होतं पाठीमागून.

उन्मेष : सॉरी. एवढं मनात नव्हतं माझ्या. मला वाटलं, पाच मिनिटं आधी मीच उघडून देईन. तुला जरा... जाऊ दे. एका शब्दानं काय बिघडतं, आई? मुलं काही तेवढं बघत नाहीत.

अरुणा : मुलंच बघतात.

तनया : आजी, हे अकरावं पान. वाचू? 'धडा अकरावा. जोडाक्षरे.' जोडाक्षर म्हणजे?

अरुणा : नको वाचूस. बंद कर ते.

तनया : मला येतं वाचायला. 'शाळेची घंटा झाली. उन्मेष उशिरा आला.' बाबा! तुझं नाव!

उन्मेष : ...पुढे वाच.

अरुणा : तनया, बंद कर म्हटलं ना.

उन्मेष : वाच, तनया.

तनया : 'उन्मेष पुस्तक विसरला. बाईंनी प्रश्न विचारला. उन्मेषला उत्तर आले नाही. उन्मेष रडू लागला. सगळी मुले हसली.'

उन्मेष : हा धडा तू कधी लिहिलास?

अरुणा : तू दुसरीत होतास त्या वर्षी. सायक्लोस्टाइल केला होता. मग दर वर्षी तोच वाटत राहिले.

उन्मेष : दर वर्षी. मी दहावीत होतो तेव्हा?

अरुणा : हो.

उन्मेष : इंजिनिअर झालो तेव्हा? तुझी दुसरीची पोरं पेढे खायला आली होती आपल्याकडे. माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, लाजतायत.

अरुणा : 'न्म' शिकवायला सोपं नाव होतं. सवयीनं राहिलं. खरंच, परवा रात्री प्रत चाळताना पहिल्यांदा दिसलं मला. तोवर नुसतं 'न्म' दिसायचं.

उन्मेष : 'जन्म' होता की. तो घ्यायचास.

अरुणा : तुझ्या नावाच्या जागी बंडू करणार होते. तुला कळूही द्यायचं नव्हतं. एक शब्द बदलायचा होता, उन्मेष. फक्त तेवढ्यासाठी तुझं सगळं ऐकत बसले होते.

उन्मेष : फोन लाव परत. मी बोलतो. दे इकडे. पैसे मी देतो, पुन्हा छापा म्हणावं... उचलत का नाही?

अरुणा : मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही त्याला. आणि पुस्तकं उद्या सकाळी वाटायची आहेत. कॅन्टोन्मेंटला, पहाडगंजला, नोएडाच्या मराठी मंडळात.

तनया : आमच्या मराठीच्या संडे क्लासला पण? मग सगळे तुझं नाव वाचणार, बाबा!

उन्मेष : हो.

तनया : खाली प्रश्न पण आहे. 'सगळी मुले का हसली? पूर्ण वाक्यात उत्तर लिहा.' मला येतं. सांगू, आजी?

अरुणा : सांग.

तनया : 'बाईंनी हसायला सांगितले, म्हणून सगळी मुले हसली.'

अरुणा : ...बरोबर.