फ्लेक्सवरची शेंडी

नाही, शाल-नारळाचं नंतर बघू, आधी मला एवढं सांगा, हा फ्लेक्स कुणी छापला?… हसू नका! पाऊण तास झाला, मी इथं खुर्चीत बसलोय, अध्यक्ष बोलायलेत, "व्यंकटराव सरांनी दसरा ते महाशिवरात्र, एका हिवाळ्यात बारा शिखरं सर केली," टाळ्या पडायल्यात, अन् मी सहज मान वळवून बघतो तर काय, फ्लेक्सवर माझ्या टकलातून शेंडी निघालेली! ही एवढी! तुम्हाला सांगतो, डोक्यावरचा शेवटचा केस जाऊन वीस वर्षं झाली, मग ही शेंडी आली कुठून? चष्मा पुसला, पुन्हा बघितलं… शेंडी नव्हे हो, शेंड्या डोंगर! आमचं बारावं, शेवटचं शिखर! आता मला सांगा, मी ज्या डोंगराच्या माथ्यावर उभा आहे, तोच डोंगर माझ्या मागं कसा काय उभा?

अन् मी कोण? भूगोलाचा मास्तर! चौतीस वर्षं पोरांना उठाबशा काढायला लावल्या, "गाढवा, नकाशात उत्तर दिशा कुठं असते?" म्हणून!

थांबा, उठू नका, पहिल्यापासून सांगतो. गेल्या वर्षी माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा. पण मला भीती अशी बसली, अशी बसली, की गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल आणायचा तर मी जिन्याकडं बघायचो अन् ओलं तोंड पंख्याखाली वाळवायचो! बाहेर जाणं बंद, बोलणं बंद. शेवटी माझी बायको पद्मजा, ही काय पहिल्याच रांगेत बसलीय, वैतागून म्हणाली, "असं भीत भीतच बसायचं होतं तर स्प्रिंगा छातीत कशाला बसवल्या? सोफ्याला तरी लावायच्या!" लागलं हो मला! त्या तिरमिरीत बोलून गेलो, "एका हिवाळ्यात बारा शिखरं चढून दाखवतो!" अन् नेमका तेव्हाच दारात कोण? आमच्या शाळेचा रिटायर शिपाई कडूबा, देवगाव रंगारीचा गडी. "चला की सर," म्हणाला. झालं! आता माघार कशी घेणार? तिसरे शेजारचे दत्तोपंत, खांद्याला थर्मास अन् तोंडाचा पट्टा अखंड चालू.

कडूबाचं वाक्य एकच. पायथ्याला विचारा, "कडूबा, किती राहिलं रे?" "हे काय सर, आलंच की!" दोन तासांनी जीभ बाहेर काढून विचारा, "हे काय सर, आलंच की!" म्हैसमाळपासून वेताळवाडीपर्यंत अकरा शिखरं मी ह्या एका थापेवर चढलो! अन् दर वेळी हे म्हणताना ह्याचा हात सदऱ्याच्या खिशावर. मला वाटायचं, तंबाखू असंल.

मग आला बारावा, शेंड्या. लांबून बघितला तर माथ्यावर एकच सुळका, अगदी शेंडीसारखा. पण त्या दिवशी धुकं असं, की दत्तोपंत फक्त ऐकू यायले! कडूबाची सासुरवाडी पायथ्यालाच, तो तिथं दोन मिनिटं थांबला अन् मी नकाशा काढला. "चला, मी आहे ना!" वाटेत एका मेंढक्याला विचारलं, "हाच का शेंड्या?" "व्हय व्हय, जावा." आता आपल्याकडं परक्या माणसाला कुणी 'नाय' म्हणतं का हो? वर पोचलो. मातीला हात लावला अन्… रडलो. खरंच रडलो! जिन्याला भ्यायलेला माणूस ना मी! कडूबा धापा टाकत मागून आला, त्यानं तोंड उघडलं अन् मिटलं. दत्तोपंत फोटो काढायला लागले तेवढ्यात माझ्या मागचं धुकं फाटलं असणार. मी कॅमेऱ्याकडं बघून हसतोय अन् हे दोघं माझ्या मागं बघायलेत. दत्तोपंत गप्प! मला वाटलं, भारावलेत!

पुढच्या रविवारी कडूबा दारात. "सर, सासुरवाडीला हुरडा खायला चला." गेलो. पलीकडच्या बाजूनं नेलं. शेत कुठंय? "हे काय सर, आलंच की!" चढ संपेना, मी खवळलो. "अरे, डोंगराच्या डोक्यावर ज्वारी कोण पेरतं?" "हलकी जमीन हाय सर, वरच लावत्यात." दत्तोपंत लगेच, "वरचा हुरडा गोड असतो." अन् मी ऐकलं! भूगोलाचा मास्तर! अडीच तासांनी वर पोचलो तर ना शेत, ना बांध, नुसता एक भला थोरला खडक. कडूबानं डोक्यावरचं पोतं उपडं केलं. गोवऱ्या, ज्वारीची कणसं, जवसाची चटणी, सगळं खालून वाहून आणलेलं! "खडकाला पाठ टेका सर." टेकली. शिव्या देत देत पोटभर हुरडा खाल्ला. शेंडीखाली बसलेल्याला शेंडी दिसते का हो?

आत्ता, अध्यक्षांचं भाषण चालू असताना, मी हळूच स्टेजमागं जाऊन कडूबाला धरलं. चपलांकडं बघत म्हणाला, "सर, त्या दिशी तुमी रडलात, मग कसं सांगावं? अन् बारा बोललात तर बारा व्हायलाच पायजेत की." पुन्हा हात खिशावर! म्हटलं, काय आहे रे त्यात? "जिभेखालची गोळी. बाईंनी दिलती. लई डोंगर हिंडली, पण लागली नाय."

मंडळी, फसवलं की आपण म्हणतो, शेंडी लावली. ह्यांनी मला लावली, पद्मजासकट, अन् आता त्या शेंडीचा आठ बाय दहाचा पुरावा लटकतोय! पण खरं सांगू का, अशी शेंडी लावणारी माणसं नसती तर मी अजून पंख्याखाली तोंड वाळवत बसलो असतो. माझ्या पायांनी चढलोच नाही मी, ह्यांच्या थापांनी चढलो. लई उपकार आहेत हो…

म्हणून ही शाल माझी नाही. दत्तोपंत, नारळ धरा. अन् कडूबा! तो बघा, दाराशी खांबामागं लपलाय. ये वर, शाल तुझी आहे! ये!… काय म्हणाला, ऐकलंत?

"हे काय सर, आलोच की!"

बसा मंडळी, निवांत बसा. अडीच तास कुठंच गेले नाहीत.